हुकुमाविना अंमल
तहसील कचेरीतून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या आमच्या दाजींचा रक्तदाब तीन-तीन गोळ्या घेऊनही १६०/१०० च्या खाली उतरेना आणि पायांतले गोळे रात्री झोपू देईनात, तेव्हा त्यांना घेऊन मी छत्रपती संभाजीनगरात, घाटीच्या रस्त्यावरील एका दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मिठाविषयी नव्हे. "काका, ज्येष्ठमध चघळता का हो?" दाजी पडले भजनी, ओशाळून त्यांनी खिशातली काडी टेबलावर ठेवली. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनानेही पोटॅशियम घटून रक्तदाब चढतो. म्हणून चार आठवडे काडी बंद, काही गोळ्या बदललेल्या, आणि मगच तपासणी.

संशय होता अल्डोस्टेरॉनवर. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील, जेमतेम चार-पाच ग्रॅमांच्या अधिवृक्क ग्रंथींचे हे संप्रेरक मीठ राखते व पोटॅशियम दवडते. एरवी ते मुख्यतः मूत्रपिंडाच्या रेनिनच्या हुकुमाने सुटते. हुकुमाविनाच चाललेला हा अंमल मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी १९५४ साली एका ३४ वर्षांच्या स्त्रीत ओळखला. दाजींना हे चटकन उमगले: "म्हणजे मामलेदाराची सही नसताना कारकून वसुली करतोय!"

रक्त घेण्याच्या सकाळी दाजी दोन तास हिंडलेले, नंतर दहा मिनिटे खुर्चीत स्वस्थ. दंडाला पट्टा बसताच सवयीने वळलेली त्यांची मूठ परिचारिकेने सोडायला लावली, कारण आवळल्या मुठीने पोटॅशियमचा आकडा खोटाच फुगतो. आणि नवख्या तंत्रज्ञाने नळी बर्फात ठेवू पाहिली तोच डॉक्टरांनी त्याचा हात धरला, कारण गारठ्यात रक्तातले निद्रिस्त रेनिन जागे होते आणि सारा हिशेब चुकतो.

रेनिन जवळजवळ शून्य, अल्डोस्टेरॉन भरमसाट. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीवर गाठ दिसली, तेव्हा ती कापून टाकावी असे घरातल्या सर्वांना वाटू लागले. डॉक्टरांना मात्र निव्वळ चित्र पुरेसे नव्हते. मुंबईस दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेतले गेले. उजवी शीर आखूड, थेट अधोमहाशिरेत उघडणारी, म्हणून नळी तिच्यात शिरली की नाही याची साक्ष कॉर्टिसॉलच्या प्रमाणावरून काढावी लागते. दोन्ही ग्रंथी सारख्याच बेलगाम निघाल्या. गाठ बिचारी नाहक आरोपी!

शस्त्रक्रिया टळली, स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाले. दोन महिन्यांनी रक्तदाब १३०/८० झाला, गोळे थांबले, पण छातीशी हुळहुळू लागल्याने औषध बदलून एप्लेरेनोन आले. ज्येष्ठमधाची काडी काही परत मिळाली नाही. दाजी आता लवंग चघळतात, आणि वरच्या पट्टीत घसा पूर्वीसारखा सुटत नाही म्हणून डॉक्टरांशी दर खेपेस हुज्जत घालतात.