गंजिफा असो की टॅरो, कुंचल्याआधी कागद करा

भातकापणी, मळणी उरकली की घरातले बरेच हात मोकळे होतात. ज्या पोरापोरींचा हात चित्रात बसलेला आहे, त्यांना अशा दिवसांत पत्त्यांच्या जोडाचे काम मिळू शकते. चित्रकला हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण घरात येणाऱ्या पैशाचा आहे, म्हणून लिहितो.

टॅरो म्हणजे ७८ पत्त्यांचा जोड. पंधराव्या शतकात इटलीत तो खेळायला निघाला, भविष्य सांगायला नंतर लागला. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने बघावे, आपले काम चित्राशी! हल्ली असा जोड अनेक चित्रकार आपसांत वाटून घेतात आणि मिळून छापतात.

वाटून काम करणे आपल्याला नवे नाही. सावंतवाडीची गंजिफा बघा. दशावतारी जोडात पत्ते १२०, म्हणजे दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. कागदाचे थर खळीने चिकटवणे, घोटणे, गोल कापणे, रंगवणे, वर लाख चढवणे, अशी ही कामे. ही कला बुडत चालली होती. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून राजवाड्यात पुन्हा उभी केली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

जोडाचे काम एकट्या चित्रासारखे नसते. ११९ पत्ते तयार आणि एक राहिला, तर विकायला काहीच नाही. एकाची पाठ जरा वेगळी दिसली तरी खेळणारा तो पत्ता ओळखतो, मग जोड वाया. म्हणून माप, किनार, रंग आणि पाठ एकानेच ठरवावी. प्रत्येकाने आधी एकच नमुना पत्ता काढावा, सगळे शेजारी मांडून बघावे, मगच पुढे जावे. छापायचे असेल तर कडेला कापणीसाठी किती जागा सोडायची हे छापखान्याला आधीच विचारा.

आता पैशाचे. दशावतारी जोडात राजा-प्रधानाचे पत्ते २० आणि आकड्यांचे १००. राजा रंगवायला जो वेळ लागतो तो दुर्रीला लागत नाही. सगळ्यांना पत्त्यामागे सारखा दर लावला तर चांगला हात असलेली पोर पुढच्या खेपेला येणार नाही. दर दोन ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट हक्काची. १९०९ साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या बाईने वेट नावाच्या लेखकासाठी टॅरोची सगळी चित्रे काढली. काम मोठे, पैसा थोडा, असे तिने त्याच वर्षी पत्रात लिहिले. तो जोड जगभर खपला, पण ओळखला गेला प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावाने. ती १९५१ साली वारली तेव्हा तिचे सामान विकून देणी भागवावी लागली.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा नीट समजून घ्या. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढले आणि उलट करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो, काढणारा नव्हे! "नंतर बघू" इथे चालत नाही. हक्क तुमच्याकडे असेल आणि द्यायचा असेल, तर लेखी व सहीनिशी द्या. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चित्र आपले आहे हे सांगण्याचा हक्क मात्र कॉपीराइट दिल्यावरही चित्रकाराकडेच राहतो. डबीवर सगळ्यांची नावे छापायची अट म्हणून बेधडक घाला.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गटाला हा कागद करायला मदत करावी. पुन्हा छपाई झाली तर वाटा किती, एकाने काम अर्धवट सोडले तर त्याचे पत्ते कोण पुरे करणार, आणि मूळ चित्रे शेवटी कोणाच्या घरी जाणार, हे तिन्ही त्यातच लिहून घ्या.