शर्यतीच्या होडीचें शीड

पावसाळा सरून वारे स्थिरावले म्हणजे मुंबईच्या अपोलो बंदरासमोरील पाण्यांत शर्यतीच्या होड्या दिसूं लागतात. किनाऱ्यावरून पाहणारास त्या सर्व एकसारख्या वाटतात, आणि त्याचें हें वाटणें चुकीचेंहि नसतें. एका जातीच्या होड्यांची लांबी, रुंदी, वजन व शिडांचें माप नियमांनीं बांधून दिलेलें असतें. वारा सर्वांना एकच, भरती-ओहोटीहि एकच. तरीसुद्धां घटकाभरांत एक होडी पुढें निघून जाते आणि दुसरी, तिच्यावर तितकींच कसलेलीं माणसें असूनहि, मागें रेंगाळते. हा फरक कोठून येतो? बहुधा डोलकाठी उभी करण्याच्या व शीड आवरण्याच्या पद्धतींतून; आणि तो फुटांत नव्हे, इंचांत मोजावा लागतो.

उदाहरणादाखल 'फायरबॉल' ही होडी घ्यावी. पीटर मिल्न या ब्रिटिश रचनाकारानें १९६२ सालीं ती आंखली. लांबी सुमारें सोळा फूट, चालविणारे दोघे, एक मोठें शीड, त्याच्यापुढें 'जिब' नांवाचें लहान त्रिकोणी शीड, आणि वारा पाठीमागून असतांना उघडावयाचें फुगीर 'स्पिनेकर'. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस भरल्या. पण दिल्लीस समुद्र कोठला? शिडांच्या शर्यती मुंबईस झाल्या, आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें याच जातीच्या होडींतून भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें.

वारा शिडाला ढकलतो आणि होडी चालते, ही सर्वसाधारण समजूत वारा पाठीमागून असेल तेव्हांपुरती खरी आहे. परंतु होड्यांमधील अंतर वाढतें तें मुख्यतः वाऱ्याच्या तोंडावर जावयाच्या टप्प्यांत. ज्या खुणेकडे जावयाचें तिच्याकडूनच वारा येत असला म्हणजे होडीला सरळ जातां येत नाहीं. ती वाऱ्याशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन करून एका बाजूस तिरकी जाते, मग पालटून दुसऱ्या बाजूस तशीच तिरकी, अशी नागमोडी वाट काढते. या चालींत शीड पक्ष्याच्या पंखासारखें काम करतें. वारा त्याच्या पुढच्या कडेशीं दुभंगतो. बाहेरच्या फुगीर अंगावरून जाणारा प्रवाह वेगानें धांवतो, तेथील हवेचा दाब उतरतो आणि शीड त्या बाजूस ओढलें जातें. ही ओढ बरीचशी आडवी असते, थोडीशीच पुढें. आडव्या ओढीला पाण्याखालची उभी फळी अडवून धरते. उरलेल्या थोडक्या ओढीवर होडी चालते. मूळ पुंजीच लहान असल्यामुळें तिच्यांत अल्पशी घट झाली तरी ती लागलीच जाणवते.

आतां हा बाहेरच्या अंगावरील प्रवाह कापडाला चिकटून राहिला पाहिजे. शीड फार आंत ओढलें तर तो मध्येंच सुटतो, त्याच्या जागीं भोंवरे माजतात आणि ओढ नाहींशी होते. चमत्कार असा कीं, अशा वेळीं शीड डोळ्यांना मोठें देखणें दिसतें. तें ताठ असतें, स्वस्थ असतें; होडी मात्र चिखलांतून चालल्यासारखी चालते. उलट शीड फार सैल सोडलें तर त्याची पुढची कड फडफडूं लागते व सारा गांव ती पाहतो. एक दोष ओरडून सांगतो, दुसरा मुका राहतो. म्हणूनच नवशिके बहुधा जास्त ओढण्याच्या बाजूनेंच चुकतात. यावर साधा उपाय असा कीं, शीड फडफडेपर्यंत सोडावें आणि फडफड थांबेल इतकेंच पुन्हां ओढावें. आणि हें एकदां करून न थांबतां शर्यतभर करीत राहावें.

मुक्या दोषाला बोलकें करण्यासाठीं लोकरीचे धागे कामीं येतात. जिबाच्या पुढच्या कडेपासून वीतभर मागें, कापडाच्या दोन्ही अंगांस, असे धागे चिकटविलेले असतात. दोन्ही सरळ मागें वाहत असले तर सर्व ठीक. बाहेरचा धागा नाचूं लागला तर शीड फार आवळलें आहे, किंवा होडीची नाळ वाऱ्यापासून फार दूर गेली आहे. आंतला धागा वर उडूं लागला तर शीड सैल आहे किंवा नाळ वाऱ्याकडे फार वळली आहे. मोठ्या शिडाच्या मागच्या कडेस, सर्वांत वरच्या पट्टीच्या टोकाशीं, रिबिनीचा एक तुकडा लावतात. तो बहुतेक वेळ मागें वाहावा आणि मधूनमधून क्षणभर शिडाआड लपावा. कायमचा लपला तर वरचा प्रवाह सुटला असें समजावें. दोन पैशांची लोकर जें सांगते तें पुष्कळदां मोठमोठ्या खर्चाच्या नव्या शिडालाहि सांगतां येत नाहीं.

परंतु पाण्यावरील हें सारें कौशल्य किनाऱ्यावरच्या तयारीवर अवलंबून असतें. कोंकणच्या जुन्या गलबतांची डोलकाठी पुढें, नाळेकडे झुकलेली असे. शर्यतीच्या होडीची मागें झुकलेली असते. फायरबॉलवर हा झुकाव मोजण्यासाठीं काठीच्या शेंड्यापासून होडीच्या मागच्या फळीपर्यंत फीत धरतात. माप बावीस-साडेबावीस फुटांच्या आसपास येतें, आणि त्यांतील एक-दोन इंचांवर जाणत्यांचे वाद रंगतात. वारा जोराचा असला तर झुकाव वाढवितात. त्यामुळें शिडाचा भार खालीं येतो, मागची कड सहज उघडते व होडी कमी कलते. मात्र भार मागेंहि सरकत असल्यामुळें नाळ आपणहून वाऱ्याकडे वळूं पाहते. तिला आवरण्यासाठीं पाण्यांतील फळी थोडी वर उचलतात, म्हणजे तीहि मागें सरकते व तोल जमतो. सुकाणू धरणाराच्या हातास किंचित् ओढ लागणें चांगलें; परंतु सुकाणू सतत आडवें धरावें लागलें तर तें अर्धवट आवळलेल्या ब्रेकासारखें होडीस मागें खेंचतें.

डोलकाठी तारांच्या तणाव्यांनीं उभी असते. दोन बाजूंस, एक पुढें. पुढची तार सैल पडली तर जिबाची पुढची कड मागें-बाहेर लोंबते, त्याचें पोट वाढतें आणि नाळ वाऱ्याकडे हवी तेवढी नेतां येत नाहीं. दोन्ही बाजूंचे तणावे अगदीं समान लागतात. काठी केसभर एका बाजूस कललेली असली तर होडी एका पालटावर चपळ व दुसऱ्यावर सुस्त चालते, आणि चालविणारे बिचारे वाऱ्याला दोष देत बसतात.

याहून नाजूक गोष्ट काठीच्या बांकाची. मोठ्या शिडाची पुढची कड शिंपी सरळ कापीत नाहीं. ती किंचित् फुगीर ठेवतो. काठी ताठ असेल तेव्हां हें जादा कापड शिडाला पोट देतें. मध्यम वाऱ्यांत व लाटांत अशा पोटाची गरज असते. वारा वाढला म्हणजे काठीचा मध्य पुढें वांकूं देतात. तें जादा कापड काठीबरोबर पुढें जातें आणि शीड सपाट होतें. बांक कापडाच्या मापाबाहेर गेला तर काठीच्या मध्यापासून शिडाच्या मागच्या खालच्या कोंपऱ्याकडे तिरक्या सुरकुत्या उमटतात. शिंपी व काठी यांचें जुळलें नाहीं तर उत्तम शीड आणि उत्तम काठी एकत्र येऊनहि होडी सामान्यच राहते.

पाण्यालगत वारा मंद असतो, वर वेगवान. त्यांत होडीचा स्वतःचा वेग मिसळला म्हणजे शेंड्याकडे वारा थोडा अधिक बाजूनें येतो. म्हणून शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षां किंचित् उघडा, म्हणजे शिडाला थोडा पीळ हवा. वरची पट्टी खालच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, जवळजवळ समांतर ठेवणें हा चांगला आरंभ होय.

दोन शिडांमधील चिंचोळ्या फटीविषयीं एक गैरसमज दीर्घकाळ टिकून होता. अरुंद गल्लींतून वारा जसा सोसाट्यानें वाहतो तसा तो या फटींतून निसटतो व मोठ्या शिडाच्या पाठीवरील प्रवाहाला जोर देतो, असें सांगितलें जाई. आर्व्हेल जेंट्री या अमेरिकन वायुगतिशास्त्रज्ञानें १९७३ पासून लिहिलेल्या लेखांत ही समजूत खोडून काढली. त्यानें दाखविलें कीं, जिबामुळें बरीचशी हवा बाहेरून वळते, फटींत शिरणारी हवा उलट मंदावते, आणि त्यामुळें मोठ्या शिडाच्या पुढच्या कडेवरील प्रवाह सुटण्याचें टळतें. जिबाला मात्र मोठ्या शिडाच्या शेजारामुळें वारा अधिक सोयीच्या कोनांतून मिळतो व त्याची ओढ वाढते. दोहोंच्या संसारांत मोठें शीड कांहीं गमावतें आणि लहान शीड पुष्कळ कमावतें. व्यवहारांत याचा अर्थ असा कीं, एका शिडाचा दोर हलविला म्हणजे दुसऱ्याकडे पाहिलेंच पाहिजे. जिब फार आवळलें तर त्याच्यावरून वळलेली हवा मोठ्या शिडाच्या पाठीवर आपटून त्याची पुढची कड आंत दबते.

मुंबई बंदरांत या सर्व विद्येची कसोटी दुपारीं लागते. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि बंदर तर शहराच्या पूर्वेस. तेव्हां कुलाब्याच्या इमारतींवरून येतां येतां त्याचे तुकडे होतात. होडी कधीं मंद वाऱ्यांत तर कधीं अचानक झोताखालीं सांपडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. झोत येतांना पाण्यावर काळसर चट्टा सरकत येतो. तो पोहोंचण्यापूर्वींच सुकाणू धरणाराचा दुसरा हात मोठ्या शिडाच्या दोरावर तयार पाहिजे आणि त्याचा सोबती, कमरेच्या पट्ट्याला अडकविलेल्या तारेवर, होडीबाहेर ओळंबलेला पाहिजे. झोत लागतांच दोर फूटभर सोडला तर होडी सरळ राहून पुढें उसळते. होडी कलल्यानंतर तो सोडला तर तोंवर ती आडवी घसरलेली असते, बूमचें टोंक पाण्याला लागण्याच्या बेतांत असतें, आणि टोंक पाण्याला लागलें कीं दोर सोडूनहि शीड बाहेर जात नाहीं. होडी उलटते. ती पुन्हां उभी करून पाणी निपटेपर्यंत पुढच्या होड्या खुणेला वळसा घालून गेलेल्या असतात.

चांगल्या जोड्या शर्यत संपल्यावर होडी धुण्याआधीं एक काम करतात. त्या दिवशींचा वारा, लाटा, काठीचें फितीवरचें माप, तणाव्यांचा ताण आणि जिबाचा दोर ज्या छिद्रांतून ओढला त्याची जागा हीं सर्व वहींत टिपून ठेवतात. जिंकल्याच्या दिवशीं टिपतातच. हरल्याच्या दिवशीं अधिक बारकाईनें टिपतात.