ई-रीडर घेण्यापूर्वी : आधी वाचन, मग यंत्र

पहूर परिसरातील काही शिक्षक बंधुभगिनींनी, स्वतःच्या वाचनासाठी ई-रीडर घ्यावा काय व कोणता, अशी पृच्छा केली आहे. पगारातून शिल्लक टाकलेल्या पैशाचा हा प्रश्न असल्याने त्याचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

ई-रीडर हे पाटीसारखे हातात धरावयाचे वाचनयंत्र होय. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या प्रभावाने हे कण वरखाली होऊन अक्षर उमटते. उमटलेले पान टिकविण्यास वीज लागत नाही. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र अनेक दिवस पुरते. कागदाप्रमाणेच ते बाहेरच्या उजेडात वाचता येते. खानदेशातील भर दुपारी मोबाइलचे अक्षर पुसट होते, तेव्हा याचे अक्षर स्पष्ट दिसते. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी सौम्य दिवाही असतो.

निवडीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) पुस्तकाचा प्रकार. ईपब प्रकारच्या पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. कथा-कादंबऱ्यांच्या अशा वाचनास सहा-सात इंची पडदा पुरतो. किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके विकत मिळतात. पीडीएफचे पान मात्र छायाचित्रासारखे ठरीव असते. लहान पडद्यावर ते मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते व प्रत्येक ओळीला पान सरकवावे लागते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अनेक ग्रंथ पीडीएफ रूपात विनामूल्य उपलब्ध केले आहेत. ज्यांचे वाचन मुख्यतः अशा ग्रंथांचे आहे, त्यांनी दहा इंची पडद्याचाच विचार करावा. तो महाग पडतो, हे खरे.

(२) देवनागरीची जुळणी. ‘विद्यार्थी’, ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ हे शब्द यंत्रावर उघडून पाहावेत. पहिली वेलांटी जागा सोडत असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल, तर ते यंत्र मराठी वाचनास निरुपयोगी समजावे.

(३) रंगाची गरज. बहुतेक ई-रीडर काळे-पांढरेच असतात. बालभारतीची सचित्र पाठ्यपुस्तके वर्गात दाखविण्याचा हेतू असेल, तर त्यास टॅब्लेट किंवा शाळेतील मोठा पडदा योग्य.

खरेदीपूर्वी आपण नेहमी वाचतो अशा एका पुस्तकाचे पान सहकाऱ्याच्या यंत्रावर घालावे व सलग अर्धा तास वाचावे. डोळ्यांस ताण न पडता व बोट सतत न फिरवता वाचन झाले, तर ते यंत्र आपले. वर्षाकाठी चार-दोन पुस्तकेच वाचून होत असतील, तर तूर्त गावच्या वाचनालयाची वर्गणी भरणे अधिक शहाणपणाचे ठरेल. वाचन वाढले की यंत्राचा विचार पुन्हा करता येईल.