बरं वाटलं, पण बरं झालं का?

माझ्या भाचीनं बी.ए. झाल्यावर एम.एस.डब्ल्यू.ला नाव घातलं, तेव्हा तिच्या आजीनं पहिला प्रश्न टाकला, "लोकांना मदत करायला कॉलेज कशाला हवं? मनात माया असली की झालं!" खोटं कशाला सांगू, मलाही मनातून तसंच वाटत होतं.

तसं हे शिक्षण आपल्याकडे नवं नाही. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात मुंबईत १९३६ साली झाली. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ची. दोन वर्षं वर्गातला अभ्यास आणि वस्तीतलं काम जोडीनं चालतं. भाचीला धास्ती होती ती 'संशोधन पद्धती' या पेपरची. "मावशी, गणिताला भिऊन आर्ट्‌सला गेले, तर ते इथं येऊन बसलंय!"

पहिला धडा मिळाला तो वस्तीत. "पाणी उकळून पिता का?" असं तिनं घरोघर विचारलं. सगळ्यांनी "हो" सांगितलं. बाई खूश! तिच्या मॅडम म्हणाल्या, "आता विचार, काल कधी उकळलं आणि कशात?" निम्म्या जणी हसायलाच लागल्या. "गॅस केवढा महाग, रोज कोण उकळतंय, ताई!" मैत्रिणींनो, पाहुणीसमोर आपणही असंच बोलतो की नाही?

मग एका मुलाचं काम तिच्याकडे आलं. वय अकरा, शाळा सारखी बुडायची. ही लगेच समजूत काढायला निघाली, तर मॅडमनी थांबवलं. आधी तीन आठवडे नुसती नोंद करायची. आपण दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतो ना, तशाच तिनं शाळेच्या खाड्यांच्या फुल्या मारल्या. बघते तो काय, फुल्या बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी! ते बाजाराचे दिवस. आई भाजी विकायला जायची आणि हा धाकट्या बहिणीला सांभाळायचा. समजूत कुणाची काढणार? भाचीनं धाकटीची सोय बालवाडीत लावून दिली.

पुढच्या तीन आठवड्यांत एकही फुली नाही. ती पेढे घेऊनच कॉलेजात गेली. मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "या दिवसांत बाजार भरत होता का?" नव्हता! पावसामुळे बंद होता, आई घरीच होती. पोरगी त्या रात्री माझ्याकडे येऊन रडली. "ती मला ताई म्हणून हाक मारते, मुलगा हसून बोलतो, हे काहीच नाही का?"

त्यावर मॅडमनी वर्गात एक जुनी हकिकत सांगितली. अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथं १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या. नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही, असं ठरवलं. कार्यकर्ते घरी जात, अभ्यास घेत, डॉक्टरकडे नेत. १९४५पर्यंत हे चाललं. पुढं जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं मोठेपणी शोधून काढली आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश जणांनी सांगितलं, आम्हाला फायदा झाला. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. पुन्हा गुन्हा केलेले, दारूच्या आहारी गेलेले, लवकर वारलेले असे मदत मिळालेल्यांतच जास्त निघाले! जोडीतला दुसरा मुलगा नसता, तर हे कळलंच नसतं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माया तर तिथंही होतीच की.

परवा भाची आली ती पर्समध्ये कॅलेंडरचं पान घेऊन. पूर्वी बाजाराच्या सहा दिवसांत पाच फुल्या होत्या. बाजार पुन्हा भरू लागल्यावर दहा दिवसांत तीन. "अजून दोन महिने लिहिणार आहे," म्हणाली. पेढ्यांचं नावही काढलं नाही.

आजीनं चष्मा लावून पान हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली आणि एका फुलीवर बोट ठेवून म्हणाली, "का गं, या मंगळवारी काय झालं होतं?"