मोत्याचे ताट

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आले आहे. शेपटाविषयी एवढी खात्री बाळगणाऱ्या आपल्या भाषेने कुत्र्याच्या पायांविषयी मात्र काहीच सांगून ठेवलेले नाही. आमच्या मोत्याचे पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकू लागले, तेव्हा मला हे प्रथम जाणवले.

मोत्या आमच्याकडे आला तो दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. तांदळाच्या गिरणीमागे कोंड्याच्या ढिगाशी कुईंकुईं करणारे हे पिल्लू माझ्या धाकट्याने दप्तरात घालून आणले. वय असेल दीडेक महिन्याचे. सासूबाईंचे सोवळे कडक, त्यामुळे त्याला लगेच परत पाठवावे लागेल असे मला वाटले होते. पण त्या माजघराच्या दारातून म्हणाल्या, “पावसापाण्याचं कुठं टाकता लेकराला? राहू दे परसात.” परसातले पिल्लू आठ दिवसांत पडवीत आले, आणि महिन्याभरात त्याच्या जेवणाचे खाते सासूबाईंकडे गेले.

नैवेद्य दाखवून झाला की पहिला घास गाईचा, दुसरा कुत्र्याचा, हा त्यांचा जुना नेम. पंचबलीत श्वानबली आहेच. पूर्वी तो घास गल्लीतल्या कोणत्याही कुत्र्याला मिळे, आता तो मोत्याला मिळू लागला आणि घासाचा वाडगा झाला. आमची भंडाऱ्याची बाजू धानाची आणि तळ्यांची. भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ इथलाच. तेव्हा वाडग्यात काय असणार? मऊ भात, त्यावर वरण आणि वर तुपाचा थेंब. सुरुवातीला त्यात दूधही असे, पण एकदा पोट बिघडले तेव्हा मीच ते बंद करवले. हा माझा शहाणपणा पुढे माझ्या चांगलाच लक्षात राहिला.

मार्गशीर्षात मोत्या पायऱ्या चढेनासा झाला. वाडगा पुढे केला की शेपूट हलवी, पण उठताना कण्हे. एका सकाळी धाकट्याने त्याला उचलून घेतले तेव्हा तो असा किंचाळला, की पूजेत बसलेल्या सासूबाई हातातली पळी टाकून बाहेर आल्या. त्याच दिवशी आमच्या ह्यांनी सुट्टी काढली आणि आम्ही त्याला साठेक किलोमीटरवरच्या नागपुरास घेऊन गेलो.

डॉक्टरांनी पाय चाचपले, क्ष-किरण चित्र काढले आणि ते उजेडासमोर धरले. हाडे पांढरीशुभ्र दिसायला हवीत ती धुरकट दिसत होती.

“खायला काय घालता?”

“वरण-भात.”

“आणि संध्याकाळी?”

“भात-वरण,” धाकटा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावले. हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस ही दोन्ही ठराविक प्रमाणात लागतात, कॅल्शियम थोडे अधिकच. धान्यात, डाळीत आणि मांसातही फॉस्फरस पुष्कळ, कॅल्शियम नाममात्र. रक्तातले कॅल्शियम तर एका पातळीखाली जाऊ देता येत नाही. मग शरीर ते हाडांतून काढून घेते. वाढत्या पिलाची हाडे अशी आतून पोखरली जातात आणि अंगाच्या भाराने वाकतात. नुसत्या मटणावर वाढवलेल्या लाडक्या पिलांचीही हीच गत होते, हे ऐकून मला आश्चर्य वाटले. आम्ही शाकाहारी म्हणून हे झाले, अशी मी मनात गाठ मारून ठेवली होती.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. सारे ऐकून घेतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मी रोज माझ्या हातानं घातलं ना त्याला?” त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दूध बंद करवले ते मी, हे मी दोनदा सांगितले. त्यांच्यापर्यंत ते पोचले असे मला वाटले नाही.

‘त्याचे हाल कुत्रा खाईना’ असे आपण सहज बोलून जातो. कुत्रा काहीही खातो आणि काहीही पचवतो, हे आपण धरूनच चाललेले असतो. आणि ही समजूत अगदीच खोटी नाही, म्हणून तर घोटाळा होतो. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली लांडगे आणि कुत्रे यांची आनुवंशिक तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पदार्थ पचवण्यासाठी लागणाऱ्या एका पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट असतात, असे त्यांना आढळले. म्हणजे माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षे बसून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला. भात त्याला वर्ज्य नाही. मात्र भात पचला म्हणजे त्यात सारे काही मिळाले, असे होत नाही.

आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी हे मला शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता एका कागदावर मांडून दाखवले. मध्यम चणीच्या, बारा किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 700 किलोकॅलरी लागतात. अर्धा किलोहून थोडा अधिक शिजलेला भात दिला की तेवढ्या मिळतात आणि पोट टम्म भरते. पण त्यात प्रथिने जेमतेम 15 ग्रॅम. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेची प्रमाणे पाहिली तर त्याला तीसएक ग्रॅम तरी हवीत. कॅल्शियम हवे सुमारे 875 मिलिग्रॅम, आणि भातात निघते पन्नासच्या आसपास! वाढत्या पिलाला तर तेवढ्याच खाण्यामागे दुपटीहून अधिक लागते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आणि एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. विदर्भात उन्हाला काय तोटा, ‘ड’ जीवनसत्त्व आपोआप मिळेल, असे माझे गणित. पण माणसाची कातडी उन्हात जे करते ते कुत्र्याच्या कातडीला पुरेसे साधत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. गंमत अशी, की मुडदूस या आपल्या मुलांच्या रोगाचे कोडे सुटले ते कुत्र्याच्या पिलांमुळे. 1919 च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी पिलांना घरात कोंडून ओटच्या लापशीसारख्या अन्नावर ठेवले. त्यांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर ते टळले. पुढे 1960 नंतरच्या दशकात हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत ज्वारीवर जगणाऱ्या माणसांच्या पेलाग्रा रोगाचा शोध चालला होता, तेव्हाही जीभ काळी पडून प्रयोगाला उपयोगी पडली ती पिलेच. आमच्या पोरांच्या तोंडी लागलेल्या माशाच्या तेलाचे ऋण असे चार पायांवर उभे आहे.

मोत्याला डॉक्टरांनी काही आठवडे उड्या मारायला बंदी केली आणि पिलांसाठी असलेले तयार खाद्य सुरू केले. अशी पाकिटे घेताना पुढचे चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘वाढत्या पिलांसाठी संपूर्ण व संतुलित आहार’ असे तेथे स्पष्ट लिहिलेले हवे. नुसता खाऊ म्हणून विकतात तो आहार नव्हे. ‘धान्यविरहित’ या शब्दाला भुलून जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही. वाटाणे-मसूर भरपूर असलेल्या अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध असावा काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली सुरू केली होती. संबंध सिद्ध झाला नाही, पण धान्य सोडल्याने कुत्र्याचे भले होते असेही कुणी दाखवून दिलेले नाही.

तयार खाद्य कायमचे परवडणार नव्हते, म्हणून घरच्या ताटाचा विचार सुरू झाला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणाले हाडे घाला. शिजवलेले हाड फुटून त्याच्या सुया होतात आणि आतडे फाडतात, तेव्हा तो सल्ला बाद. वैनगंगेची मासळी घेऊन शेजारच्या घरी येणारी बाई आमच्या फाटकाशी थांबून मोत्याकडे पाहत म्हणाली, “बाई, याले नुसता भात घालून कसं होईन? लहान मासोळी उकडून देत जा, काट्यासकट.” डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, बारीक मासळी पूर्ण शिजवून, बिनमिठाची, अगदी उत्तम. कच्ची मात्र नको. काही कच्च्या माशांत ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, ते शिजवल्यावर जाते.

पण आमच्या घरात मासळी? अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. डॉक्टरांनी निदान रोज एक उकडलेले अंडे सुचवले होते आणि मी तो विषय चार दिवस काढला नाही. निव्वळ शाकाहारावर कुत्रा जगू शकतो, मांजर नाही. परंतु त्यासाठी हिशेब फार काटेकोर ठेवावा लागतो, आणि वाढत्या पिलावर तो प्रयोग नको, असे त्यांचे मत. पाचव्या दिवशी सासूबाईंनीच विचारले, “डॉक्टर आणखी काही म्हणाला होता का? तू काहीतरी लपवतेस.” मी सांगितले. त्या बराच वेळ तांदूळ निवडीत राहिल्या. मग म्हणाल्या, “परसात वेगळी शेगडी मांड. भांडं वेगळं. आणि माझ्यासमोर नाव काढू नकोस.”

आता मोत्याचे ताट असे असते: मऊ भात, त्यात फोडणीवाचून घोटलेली मुगाची किंवा तुरीची डाळ, लाल भोपळ्याच्या चार फोडी, एक अंडे, आठवड्यातून दोनदा मासळी, आणि थोडे दही. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर पचत नाही, दह्यात ती कमी असते. अंड्याची टरफले उकळून, वाळवून केलेली भुकटी हा कॅल्शियमचा घरगुती साठा. चहाच्या चमचाभर भुकटीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. पण ती किती घालायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण अतिरेकही पिलाच्या हाडांना, विशेषतः मोठ्या जातीच्या पिलांच्या, तितकाच बाधतो. जीवनसत्त्वांचे औषध त्यांनी वेगळे लिहून दिले आहे. लाखोळीची डाळ आमच्याकडे स्वस्त आणि मुबलक, पण तिच्या अतिसेवनाने माणसांचेच पाय लुळे पडल्याचा इतिहास असल्यामुळे मी ती या ताटापासून दूर ठेवली आहे.

कांदा-लसूण काढून टाकणे हे आमच्या घरी सर्वांत सोपे गेले. सासूबाईंना ते चालतच नाहीत! दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजवल्याने तो दोष जात नाही.

दिवाळीचे दिवस असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगते. गेल्या वर्षी धाकट्याने भाऊबीजेला मोत्याला आख्खा बेसनाचा लाडू दिला, बेदाण्यासकट. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते. किती खाल्ले म्हणजे बाधेल याचा नेम नाही. त्याला कारण द्राक्षातले टार्टारिक आम्ल असावे, असे 2021 पासून मानले जाते, आणि ते आपल्या चिंचेतही भरपूर असते. डॉक्टरांना फोन करून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याला लगेच नेऊन ओकारी काढवली. पुढे काही झाले नाही, पण ती भाऊबीज आम्ही पडवीत त्याच्या लघवीकडे लक्ष ठेवून काढली. चॉकलेटही तसेच घातक. आणि मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल असेल तर त्याहून वाईट, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. फराळाचे डबे आता वरच्या फळीवर असतात, आणि धाकट्याला त्यासाठी स्टुलावर चढावे लागते.

मोत्याचे पाय तीन-चार महिन्यांत पुष्कळ सुधारले. उजवा सरळ झाला. डावा किंचित वाकडा राहिला तो राहिलाच, पण त्यामुळे मांजराच्या मागे धावताना त्याचे काही अडत नाही.

अंड्याचे नाव आमच्या घरात अजून निघत नाही. मात्र सकाळी मला कॉलेजची घाई असली, परसातली शेगडी पेटलेली दिसली नाही, की देवघरातून हाक येते, “अगं, त्याचं ते पांढरं झालं का उकडून?”