ऑर्डरचा ईमेल ग्राहकापर्यंत पोहोचतोय का?

वेबसाइट झाली, पेमेंट गेटवे जोडला, ऑर्डर यायला लागल्या. पण ऑर्डरनंतर ग्राहकाला जो ईमेल आपोआप जातो, तो तुम्ही स्वतः कधी वाचलाय का? आजच स्वतःच्याच दुकानातून एक छोटी ऑर्डर टाका आणि मोबाइलवर काय येतं ते बघा.

बऱ्याचदा पाठवणाऱ्याच्या जागी 'वर्डप्रेस' नाहीतर 'ॲडमिन' लिहिलेलं असतं, आणि विषय असतो 'ऑर्डर अपडेट'. कोण उघडणार हो हे? ग्राहकाने मसाला मागवला होता, वर्डप्रेस नाही!

याचा फटका सरळ गल्ल्याला बसतो. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारात येतं तेव्हा ग्राहक ऑफिसात असतो आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. पार्सल परत. जातानाचं भाडं तुमचं, आणि बहुतेक कुरियर कंपन्या परत आणायचेही पैसे लावतात.

म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचं नाव टाका. विषयात कामाची गोष्ट आधी लिहा, कारण मोबाइलवर लांब विषय अर्ध्यात तुटतो. 'गोडा मसाला उद्या येतोय, ३४० रुपये तयार ठेवा' एवढं वाचलं की ईमेल उघडला नाही तरी चालतं. ऑर्डर नंबर आत राहू द्या, तो ग्राहकाला नाही, तुम्हाला लागतो.

ईमेल किती पाठवायचे? ऑर्डर घेतली, पॅक केली, लेबल छापलं, कुरियरला दिली, गोदामात पोहोचली... सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याला एक पाठवू शकतं. पाठवू देऊ नका. माझ्या मते तीन पुरे: ऑर्डर मिळाली, माल निघाला, आज पोहोचतोय. ही गोष्ट सांगायला तुम्ही ग्राहकाला फोन केला असता का, असं स्वतःला विचारा. नसता केला, तर ईमेलही नको. आणि 'नो-रिप्लाय' पत्ता बंद करा. आपलं दुकान आहे, बँक नाही. ग्राहकाने 'पत्ता बदलायचाय' असं उत्तर पाठवलं तर ते तुम्हाला मिळायला हवं.

आता स्पॅमचं. वेबसाइटवरून जाणाऱ्या ईमेलला स्वतःचा जीमेल पत्ता लावू नका. पत्ता जीमेलचा आणि सर्व्हर भलताच, हे गुगलला संशयास्पद वाटतं. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या आणि त्यावर एसपीएफ आणि डीकेआयएम ही दोन सेटिंग करून घ्या. हा ईमेल खरंच तुमच्याच दुकानातून निघालाय, याची ती ओळखपत्रं समजा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर ईमेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं किमान एक असावंच लागतं. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्कही लागतं. जाहिरातीच्या ईमेलमध्ये त्यांना एका क्लिकवर 'अनसबस्क्राइब' करायची सोयही द्यावी लागते. आपण काही ५,००० पाठवत नाही, पण ही सोय आपणही द्यावी. बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही की माणूस सरळ 'स्पॅम' दाबतो, आणि मग तुमच्या ऑर्डरचे ईमेलही त्यात अडकू शकतात. म्हणूनच दिवाळीची ऑफर ऑर्डरच्या ईमेलमध्ये घुसडू नका, वेगळी पाठवा.

तपासायचं कसं? ती छोटी ऑर्डर टाकलीत ना, तिचा ईमेल कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उघडा. उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमसमोर 'पास' दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर होस्टिंगवाल्याला आजच फोन लावा.