उपयोगसंस्था आणि घाटावरची हातगाडी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून सर्वश्रुत आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि उत्तरक्रियेसाठी येणाऱ्यांची येथे वर्दळ असते. महाशिवरात्रीला ती ओसंडून वाहते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईसारखी, १८८६ साली उभी राहिलेली पक्क्या छपराची मंडई येथे नाही. हातगाडी, ताडपत्री आणि स्टोव्ह एवढाच येथील खाद्यबाजाराचा संसार. गुजरातची सीमा जवळ असल्याने फाफडा-जिलेबी आणि खानदेशी मिरचीची भजी एकाच गाडीवर सुखेनैव नांदतात.

या गाड्यांविषयी आम्ही वैद्यमंडळी वर्षानुवर्षे रुग्णाला एकच वाक्य ऐकवीत आलो : बाहेरचे खाऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याहून पहाटे निघून रात्री घरी पोहोचणाऱ्या माणसाला या वाक्याचा उपयोग किती, हा विचार आमच्याही मनात फारसा आला नव्हता. तो आला एका भजीविक्रेत्यामुळे. अम्लपित्ताची जुनी तक्रार घेऊन आलेल्या त्या गृहस्थाला आम्ही सवयीने तेच वाक्य ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी बाहेरचं खात नाही, माझंच खातो. सांजेला जे उरतं ते."

आम्ही ओशाळलो. तीन महिने औषध देत होतो. तो केव्हा जेवतो, हे एकदाही विचारले नव्हते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग आणि राशी यांवर आम्ही परीक्षेत पाने भरली. देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता यांची विचारपूस मात्र चिकित्सालयात क्वचितच होते. वस्तुतः या विक्रेत्याच्या व्याधीचे मूळ नेमके तेथेच होते. सकाळी चहा, दिवसभर कढईसमोरची धग, आणि अंधार पडल्यावर गार झालेली भजी पुन्हा तेलात सोडून उभ्याउभ्या केलेले भोजन. पुन्हा तापविलेले अन्न टाकावे, असे वाग्भटाचार्य अष्टांगहृदयाच्या मात्राशितीय अध्यायात सांगतात. चणक मुळात रूक्ष आणि वातकर. त्याचे पीठ शिळ्या तेलात दोनदा तळले गेल्यावर जे होते ते पचविण्यास कोणाचा अग्नी पुरा पडावा?

तेलाचा मुद्दा आधुनिक कायद्यानेही मान्य केला आहे. वापरलेल्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवाल्याजवळ मापक यंत्र कोठून असणार? परंतु तेल काळवंडणे, दाट होणे, फेस न विरणे आणि मंद आचेवरही धूर येणे ही लक्षणे तो आपल्याहून लवकर ओळखतो.

मिरचीविषयी थोडे विषयांतर. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. पण पोर्तुगीजांमार्फत आलेले हे द्रव्य बृहत्त्रयीत नाही. येथे वचनाचा आधार शोधत न बसता रुग्णाच्या जिभेवर, छातीत आणि मलप्रवृत्तीत दिसणाऱ्या कर्मावरूनच निर्णय करावा लागतो.

आता औषधी दुकानदार बंधूंशी दोन शब्द. यात्रेच्या दिवसांत चूर्णाच्या डब्या भराभर खपतात. मात्र अविपत्तिकर चूर्णाच्या शास्त्रोक्त पाठात निम्मी शर्करा आणि एक तृतीयांश निशोत्तर असते, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? मधुमेही माणूस ते महिनोन्‌महिने रोज घेतो, आणि पोट साफ होते म्हणून समाधानी असतो. लवणभास्कराचा अर्थ नावातच आहे. रक्तदाबाच्या रुग्णास ते देण्यापूर्वी निदान एक प्रश्न विचारावा. आमच्या मते, सलग दुसरी डबी मागणाऱ्यास वैद्याकडे पाठविणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे. त्यात विक्री बुडते, हे खरे.

त्या विक्रेत्यास आम्ही औषध कमी केले आणि वेळ बदलली. गाडी लावण्यापूर्वी घरची ज्वारीची भाकरी आणि वरण, बसून. दुपारी ताजे, गोड ताक. सायंकाळी उरलेले खाणे बंद. पहिल्या दोन गोष्टी त्याने तत्काळ स्वीकारल्या. तिसरीवर तो अडला. उरलेला माल आणि कढईतले तेल टाकायचे म्हणजे दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे, हा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. यावर आमच्या ग्रंथांत उत्तर सापडले नाही. ते त्याच्या पत्नीने काढले : कढईच लहान घ्यायची, घाणा थोडा आणि गिऱ्हाईक येईल तसा. मोठी कढई आता केवळ महाशिवरात्रीला बाहेर निघते, आणि त्या आठवड्यात त्याची छातीतली जळजळ हमखास परतते.